पन्नास जोडांमागे नऊ जोड

नॉर्थ यॉर्क (कॅनडा)

आमच्या घरापासून गाडीनं पंधरा मिनिटांवर, डॉन मिल्स भागात आगा खान म्युझियम आहे. पाहुणे आले की त्यांना तिथं न्यायचं हे ठरलेलं. मागच्या उन्हाळ्यात कोल्हापूरहून आई-बाबा आले होते. पांढऱ्याशुभ्र इमारतीसमोरच्या पाण्याच्या कुंडाशी बसलो असताना मी बाबांना सांगितलं, "बाबा, इथं आधी बाटाचं मुख्य ऑफिस होतं. १९६५ साली बांधलेलं. २००७ मध्ये ते पाडलं आणि नंतर हे म्युझियम उभं राहिलं." बाबांना बाटा म्हणजे शाळेचे काळे बूट एवढंच ठाऊक. ते हसले आणि स्वतःच्या पायांकडे बघून म्हणाले, "म्हणजे जगाला बूट घालणाऱ्यांच्या जागेवर मी कापशी घालून बसलोय म्हणायचं!"

बाबांच्या पायातली ती कापशी ज्यांनी शिवली, ते मामा सुभाषनगरात राहतात. मामा म्हणजे नात्यातले नव्हेत, पण आमच्या घरात तीन पिढ्या त्यांच्याच घरच्या चपला. गेली चार वर्षं मी त्यांच्याकडून थोडे थोडे जोड मागवते आणि गणपती-दिवाळीच्या कार्यक्रमात एक टेबल मांडून विकते. माझी नोकरी वेगळी आहे, हा धंदा हौसेचा. पण या हौसेपायी मला एक गोष्ट शिकावी लागली, जी शाळा-कॉलेजात कुणी शिकवली नव्हती. ती म्हणजे जकात.

'गिफ्ट' लिहून पाठव

सुरुवात चुकीनंच झाली. पहिल्या वर्षी मावसभावानं बारा जोडांचं पार्सल पाठवलं आणि वर लिहिलं 'गिफ्ट'. आपल्याकडे हा सल्ला सगळेच देतात. पार्सल कस्टममध्ये उघडलं गेलं. एकाच मापाचे चार-चार जोड कोण कुणाला भेट देतं? कॅनडाचा नियम साधा आहे. बाहेरच्या माणसानं इथल्या माणसाला पाठवलेली खरी भेट ६० डॉलरपर्यंत करमुक्त असते. विकायचा माल भेट ठरत नाही, मग किंमत किती का असेना. कुरियरनं मागवलेल्या इतर मालावर भारतासारख्या देशासाठी सूट फक्त २० डॉलरपर्यंत. त्यावर गेलं की जकात आणि कर दोन्ही.

भारतातून परत येताना बॅगेतून आणायचे म्हणाल, तर इथला रहिवासी ४८ तास बाहेर राहून आला की ८०० डॉलरपर्यंतच्या वस्तू करमुक्त आणू शकतो. पण त्या स्वतःसाठी किंवा भेटीसाठी. टेबलावर मांडायला नव्हेत.

त्या पार्सलवर मी दंडासकट पैसे भरले आणि कानाला खडा लावला. पुढच्या वर्षी सगळं रीतसर केलं. बिझनेस नंबर काढला, त्याला आयातीचं खातं जोडलं, एक कस्टम ब्रोकर गाठला. ऑक्टोबर २०२४ पासून तर इथल्या सीमाशुल्क खात्यानं 'कार्म' नावाची नवी पद्धत आणलीय. लहान असो की मोठा, प्रत्येक व्यापारी आयातदारानं त्यात स्वतः नोंदणी करायची. मोठ्या कंपन्यांना त्यासाठी माणसं असतात. आमच्यासारखे रात्री मुलं झोपली की लॅपटॉप उघडून बसतात.

चपलेचा नंबर

रीतसर कामात पहिला प्रश्न आला, या वस्तूचा नंबर काय? जगभरच्या व्यापारात प्रत्येक वस्तूला एक अंकी नाव असतं. त्याचे पहिले सहा आकडे सगळ्या देशांत सारखे. ब्रोकरनं ६४०३.२० ही ओळ दाखवली आणि मी ती दोनदा वाचली. वर्णन असं, की तळ चामड्याचा, आणि वरच्या बाजूला पायाच्या उंचवट्यावरून जाणारा आणि अंगठ्याभोवतीचा चामडी पट्टा. अहो, ही तर आपली कोल्हापुरी! नाव कुठंच नाही, पण वर्णन अगदी नेमकं. त्या जाड्या सरकारी यादीत गावाकडचं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

पुढच्या रकान्यात मात्र आकडा होता १८ टक्के.

हिशोब असा बसला. पन्नास जोड, मामांचा दर जोडी १५ डॉलर, म्हणजे माल ७५० डॉलरचा. कॅनडात जकात मालाच्या किमतीवर लागते, भारतातून इथवरच्या वाहतूक खर्चावर नाही, एवढं बरं. १८ टक्के म्हणजे १३५ डॉलर. त्यावर सीमेवर ५ टक्के जीएसटी, तो ८८५ डॉलरवर, म्हणजे ४४ डॉलर २५ सेंट. जीएसटी-एचएसटीसाठी नोंदणी असेल तर तो नंतर वळता करून घेता येतो. जकात मात्र गेली ती गेली. १३५ डॉलर म्हणजे बरोब्बर नऊ जोडांची किंमत. पन्नास जोड मागवले की नऊ जोडांचे पैसे मामांना नाहीत, मला नाहीत, ते सीमेवरच उतरतात. वर विमानाचं भाडं आणि ब्रोकरची फी आहेच.

त्याच आठवड्यात मामांचा फोन आला. "ताई, साल महागली, कातडं महागलं. जोडामागं शंभर रुपये तरी वाढवून द्या की. पोरगं म्हणतंय एमआयडीसीत जातो, तितं म्हैन्याचा पगार तरी ठरल्याला असतोय."

मी काय उत्तर दिलं असेल? "मामा, या वेळी जमत नाही हो." फोन ठेवल्यावर कॅल्क्युलेटर काढला. एका जोडीवरची जकात २ डॉलर ७० सेंट, म्हणजे दीडशे रुपयांच्या वर. मामा शंभर मागत होते. मी त्याहून जास्त भरत होते, पण ते त्यांना नाही.

शेजारचं टेबल

गेल्या वर्षी एका दक्षिण आशियाई मेळ्यात माझ्या शेजारी मूळची ढाक्याची एक बाई होती. नक्षी कांथाचे टाके घातलेले सुती कुर्ते विकत होती. आपल्या गोधडीसारखाच धावदोरा, पण त्यात मासे, कमळं, पानं. मी सहज विचारलं, कपड्यांवर तर १७-१८ टक्के जकात असते ना? ती म्हणाली, "मला शून्य."

बांगलादेशची गणना अल्पविकसित देशांत होते आणि अशा देशांसाठी कॅनडाची वेगळी जकात आहे. २००३ पासून दूध, कोंबडी आणि अंड्यांचे पदार्थ सोडले, तर त्या देशांतला जवळजवळ सगळा माल इथं बिनजकात येतो. नेपाळचाही तसाच. यात उपकार कमी आणि विचार जास्त आहे. ज्या देशाकडे विकायला फारसं काही नाही, त्याला मदतनिधी देण्यापेक्षा त्याचा माल विकू द्या, हा तो विचार.

मी तिला विचारलं, वाचलेल्या पैशांचं काय करता? ती म्हणाली की कुर्ते शिवणाऱ्या बायकांना ती अर्धे पैसे आगाऊ पाठवते. कापड-दोरा उधारीवर घ्यावा लागला नाही की बाई दर ठरवताना घाबरत नाही. १८ टक्के भरावे लागले असते तर आगाऊ द्यायला पैसा कुठून आणला असता?

पण तिनं आणखी एक गोष्ट सांगितली, ती आपण सगळ्यांनी ऐकावी अशी आहे. शून्य जकात आपोआप मिळत नाही, ती मागावी लागते आणि सिद्ध करावी लागते. माल त्या देशातच बनलाय याचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. मालाच्या किमतीतला ठरावीक वाटा त्या देशातला असावा लागतो. आणि माल तिथून थेट कॅनडाकडे निघालेला असावा लागतो. वाटेत विमान किंवा जहाज बदललं तर चालतं, पण मध्येच कुठं बाजारात उतरवून पुन्हा पाठवला तर सवलत जाते. एका वर्षी तिच्या नातेवाइकानं दुबईत दोन खेपा एकत्र करून, तिथलंच बिल लावून पाठवल्या. कुर्ते तेच, टाके तेच, पण पूर्ण जकात बसली. "मालाइतकीच मी फायलीची काळजी घेते," असं म्हणत तिनं टेबलाखालची निळी फाइल दाखवली.

दिल्लीत ठरलं, आणि आपणच बाहेर

मग भारताला अशी सवलत कधी नव्हतीच का? होती. गरीब देशांच्या मालाला श्रीमंत देशांनी कमी किंवा शून्य जकात लावावी, त्या बदल्यात काही मागू नये, ही कल्पना संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार परिषदेत मान्य झाली ती १९६८ साली, आणि ती परिषद भरली होती आपल्या नवी दिल्लीत. कॅनडानं ती १ जुलै १९७४ पासून लागू केली. पुढची चाळीस वर्षं भारतातल्या कितीतरी वस्तू इथं सवलतीत येत होत्या.

२०१३ मध्ये कॅनडानं यादी तपासली. सलग दोन वर्षं जगाच्या निर्यातीत ज्या देशाचा वाटा एक टक्का किंवा जास्त, किंवा ज्याचं उत्पन्न जागतिक बँकेच्या वरच्या पायरीवर, तो देश आता सवलतीचा नाही असं ठरलं. १ जानेवारी २०१५ पासून ७२ देश बाहेर पडले. त्यात चीन होता, ब्राझील होता आणि भारतही होता.

देश म्हणून अभिमानच वाटायला हवा. पण तो एक टक्का कशाचा? शुद्ध केलेलं तेल, पैलू पाडलेले हिरे, औषधं, मोटारींचे भाग. त्या टक्क्यात सुभाषनगरच्या एका खोलीत दिवसाला एक-दोन जोड शिवणारे मामा कितीसे? यादी देशाकडे बघते, कारागिराकडे बघत नाही.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कोल्हापुरीचं नुकसान २०१५ मध्ये झालं असं नाही. कॅनडाच्या त्या जुन्या सवलतीतून बहुतेक कपडे आणि पादत्राणं पहिल्यापासून वगळलेलीच होती, कारण इथले स्वतःचे कारखाने सांभाळायचे होते. म्हणजे गरिबांच्या हाताला जी कामं सहज येतात, शिवणं आणि चपला करणं, नेमकी तीच सवलतीच्या बाहेर. अल्पविकसित देशांना २००३ मध्ये ते दार उघडलं. आपल्याला ते कधीच उघडलं नाही.

मिलानची चप्पल

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेल्सच्या पायात कोल्हापुरीसारख्या सॅंडल दिसल्या, त्यावर केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या जिल्ह्यांसाठी. कंपनीनं नंतर या परंपरेचं ऋण मान्य केलं आणि डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांबरोबर, इथल्याच कारागिरांकडून मर्यादित संख्येनं सॅंडल बनवून घेण्याचा करारही झाला. चांगलं झालं.

पण त्या गदारोळात एक गोष्ट कुणी बोललं नाही. कॅनडाचा युरोपीय संघाशी २०१७ पासून व्यापार करार आहे. त्यामुळे इटलीत बनलेली चामड्याची सॅंडल आज टोरंटोत बिनजकात उतरते. आणि बाभळीच्या सालीत, हिरड्यात कमावलेल्या कातड्याची, एकही खिळा न मारता चामड्याच्याच वादीनं शिवलेली अस्सल कोल्हापुरी आली की १८ टक्के. नक्कल कुणी करावी, श्रेय कुणाला द्यावं यावर आपण भांडलो. सीमेवरचं यंत्र मात्र फक्त एवढंच विचारतं, कुठल्या देशात बनली आणि त्या देशाशी करार आहे का?

सवलत आणि करार यांतला फरकही मला यातूनच कळला. सवलत देणारा एकटा देतो आणि एकटाच काढून घेऊ शकतो. अमेरिकेनं भारताची अशीच सवलत ५ जून २०१९ रोजी बंद केली. कोल्हापुरीच्या त्या ६४०३.२० ओळीवर अमेरिकेची मूळ जकात शून्य, तरीही ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर एकूण ५० टक्क्यांपर्यंत जादा कर बसला तेव्हा त्या शून्याचा उपयोग राहिला नाही. नेपाळ आणि बांगलादेशही अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडण्याच्या वाटेवर आहेत, त्यामुळे माझ्या ढाक्याच्या शेजारणीलाही आता पुढची काळजी लागलीय. करार दोघांच्या सहीचा असतो, म्हणून जरा जास्त टिकतो. २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटननं अशा करारावर सह्या केल्या. त्यात भारतीय पादत्राणांवरची १६ टक्क्यांपर्यंतची जकात शून्यावर आणायचं ठरलंय.

भारत आणि कॅनडाची बोलणी २०१० मध्ये सुरू झाली, अडखळत चालली, सप्टेंबर २०२३ मध्ये थांबली. नोव्हेंबर २०२५ मध्ये जोहान्सबर्गच्या जी-२० परिषदेच्या वेळी दोन्ही पंतप्रधानांनी सर्वंकष करारासाठी पुन्हा बोलणी करायचं मान्य केलं. अशा बोलण्यांत डाळी, युरेनियम, खतं, मोटारी यांची चर्चा होते. चपलेची ओळ कोण उचलणार? इथल्या मराठी मंडळांनी, लहान व्यापाऱ्यांनी आपापल्या खासदाराला एक पत्र लिहायला काय हरकत आहे? मी लिहिलंय. पत्रात फक्त ती ओळ, तो टक्का आणि पन्नास जोडांमागच्या नऊ जोडांचा हिशोब.

तोवर काय करायचं?

ज्यांना गावाकडचं काही मागवून विकायचंय, त्यांच्यासाठी माझ्या अनुभवाच्या चार गोष्टी.

एक, आधी वस्तूचा नंबर शोधा. सगळ्यावर जकात नसते. लाकडी खेळण्यांवर इथं शून्य आहे, त्यामुळे सावंतवाडीची खेळणी आणायला करार लागत नाही. पुस्तकांवर आणि दिवाळी अंकांवरही जकात नाही, फक्त जीएसटी. शिवलेल्या कपड्यांवर मात्र भरपूर. शंका असेल तर सीमाशुल्क खात्याकडून आगाऊ लेखी निर्णय मागता येतो. त्याला पैसे पडत नाहीत आणि तो खात्यावर बंधनकारक असतो.

दोन, 'गिफ्ट' लिहू नका आणि किंमत कमी दाखवू नका. एकदा नाव खराब झालं की पुढची प्रत्येक खेप उघडली जाते.

तीन, भारतातली बाजूही नीट करा. पाठवणाऱ्याकडे निर्यातीचा आयईसी क्रमांक हवा. कारागिराकडे तो नसेल तर बचत गट किंवा ज्याच्याकडे आहे अशा दुकानदारामार्फत पाठवा. टपाल खात्यानं आता डाकघर निर्यात केंद्रं उघडली आहेत, तिथं लहान खेपेची कागदपत्रं करून मिळतात.

चार, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जकात कमी झाली की वाचलेला पैसा कुणाचा, हे आधीच ठरवा. शून्य जकात कारागिराच्या हातात आपोआप पडत नाही. आयातदार नफा वाढवू शकतो, मधला दलाल दर दाबू शकतो, गिऱ्हाईक सूट मागू शकतं. तिघांचं भागलं की शिवणाऱ्याला काय उरतं? ढाक्याच्या बाईनं आगाऊ पैसे द्यायचं ठरवलं म्हणून ते त्या बायकांपर्यंत पोचले. कायद्यानं फक्त तिच्या हातात पैसा उरू दिला होता.

बाबा परत जाताना मी त्यांच्याजवळ मामांसाठी एक कागद दिला. या वेळी पन्नासऐवजी चाळीसच जोड, पण जोडीमागे शंभर रुपये वाढवून. इथं टेबलावर दोन डॉलर वाढवीन, गिऱ्हाइकांना का ते सांगेन. आणि खाली एक ओळ लिहिली, की जकात कधी शून्य झाली तर त्यातले आणखी शंभर तुमचे, हे आताच लिहून देते.

आठवड्यानं मामांचा फोन आला. कागद त्यांनी देव्हाऱ्यामागं ठेवलाय म्हणाले. मी विचारलं, मुलाचं काय ठरलं? "जातोय की एमआयडीसीत, पयल्या शिफ्टला," मामा म्हणाले. "पर सांजच्याला बसतोय माझ्याबरोबर. तुमचे चाळीस जोड हाईत न्हवं, एकट्याच्यानं हुईत न्हाईत."

दिवाळीच्या कार्यक्रमात माझं टेबल असेलच. याल तेव्हा घालून बघा. आधी जरा चावते, मग पायाची होते.